लाल फडक्याचा माठ

समजा, तुम्हाला कुरडया घालायच्या आहेत. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून आणि गाळून तुम्ही चीक काढला आहे. रात्रभर निवळल्यावर वर आलेलं आंबूस पाणी लिंबाच्या आळ्यात ओतून झालंय. आता मोठ्या पातेल्यात पाणी उकळतंय. एका हातानं त्यात चीक ओतायचा, दुसऱ्या हातानं दांडक्यानं घोटायचं, आणि पातेलं फिरू नये म्हणून ते सांडशीनं धरायचं. हात किती लागले? शिवाय चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून उतरतो. गार झाला की सोऱ्याचा दांडा फिरतच नाही. म्हणून दुसरी बाई लागते, आणि ती रोजच्यातली, न सांगता हात पुढे करणारी लागते.

बजाबाईंना अशी बाई होती. शेजारची शिवलीला.

सोलापूरच्या हद्दवाढ भागात, आमच्याच गल्लीत, या दोघींची घरं एकाच भिंतीला चिकटून आहेत. प्लॉट दोन्ही कुटुंबांनी मिळून घेतला. जिना एक, वरची गच्ची एक. गच्चीवर मधे भिंत घालायची ठरली होती, पण त्या वर्षी वाळू महागली आणि पुढे कुणाला गरज वाटली नाही. बजाबाई मूळच्या माढ्याकडच्या. नवरा रावजी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मुलगा अभिमन्यू टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग बघतो, सून आरोही एका लॅबमध्ये कामाला होती, ती सध्या घरी आहे. शिवलीला मैंदर्गीची. घरात कन्नड, जिन्यात मराठी. नवरा महेश्वर शाळेची बस चालवतो आणि ती घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. लिंगायत घर, त्यामुळे चुलीवर अंडंसुद्धा चढत नाही.

बजाबाईंचा कशावरच चटकन विश्वास बसत नाही. दुधाची पिशवी फोडल्यावर त्या आधी वास घेतात. कोथिंबिरीची जुडी सोडवून मधल्या काड्या बघतात. घंटागाडीवाल्यांनी ओला आणि सुका कचरा वेगळा द्या म्हटलं, तेव्हा हे लोक पुढे एकातच टाकत असणार अशी त्यांची खात्री होती. एक दिवस त्या गाडीत वाकून बघून आल्या. दोन कप्पे निघाले. तर त्यांचा संशय कोपऱ्यापर्यंत सरकला. "हितं दोन हायत. तिकडं वळल्यावर काय करत्यात कुणाला ठाव."

गंमत म्हणजे या स्वभावामुळे त्यांच्या घरात वाया काही जात नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि पुढच्या खेपेला येईलच यावर बजाबाईंचा भरवसा नाही, म्हणून भाजी धुतलेलं पाणी झाडाला आणि कपडे खळबळलेलं पाणी अंगणाला जातं. दुकानदाराच्या पिशवीत आधी काय होतं कोण जाणे, म्हणून त्यांच्या हातात कायम जुन्या साडीची पिशवी. वाळवणाला प्लॅस्टिकचा कागद चालत नाही, कारण उन्हात तो वास सोडतो. त्या धुतलेलं धोतरच अंथरतात. गल्लीतल्या पोरांना शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प असला की ती बजाबाईंच्या घराचे फोटो काढून नेतात. त्या पोरांनाही आधी विचारतात, "फोटो कुटं दावणार?"

या वर्षी होळी झाली आणि ऊन एकदम तापलं. दर उन्हाळ्यात बजाबाई आणि शिवलीला मिळून नवे माठ आणतात. आपल्याकडचं पाणी जड, त्यातला क्षार वर्षभरात माठाची बारीक छिद्रं बुजवून टाकतो. पाणी पाझरेना की ते गारही होत नाही. जुना माठ मग कुणी दारात चिमण्यांच्या पाण्यासाठी ठेवतं, कुणी फोडून टाकतं.

बजाबाई गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेल्या, तर पाण्याच्या टाकीमागे सावलीत एक माठ. तोंडाला लाल फडकं, त्यावर सुतळीचे वेढे. गळ्याभोवती बारीक बारीक भोकं पाडलेली. काठाला टवका उडालेला होता. त्या टवक्यावरून त्यांनी माठ ओळखला. गेल्या वर्षी रिक्षात शिवलीलाच्या मांडीवर आपटून तो टवका उडाला होता. फडकंही ओळखीचं होतं. शिवलीलाच्या मशीनखाली महिनाभर त्याच लाल कापडाच्या चिंध्या पडल्या होत्या.

त्यांनी माठाला हात लावला आणि मागे घेतला. माठ कोमट होता. सावलीतला माठ, सकाळची वेळ, खाली विस्तव नाही.

त्यांनी वेळूच्या काडीनं फडकं उचकटलं. आत लिंबाच्या फोडी, कडुलिंबाचा पाला, राख, दहीभात. भातावर कापसासारखी पांढरी बुरशी. आणि त्या सगळ्यात चुरडलेली अंड्याची टरफलं.

बजाबाईंनी फडकं होतं तसं बांधलं आणि मिरच्यांची पाटी तशीच घेऊन खाली आल्या.

हे वाचताना हसू येईल. पण बजाबाईंच्या जागी उभं राहून बघायला हवं. आरोहीला पाचवा महिना चालू होता. आधीचं बाळ गेल्या वर्षी राहिलं नव्हतं. आणि अभिमन्यू रांगता असताना गावाकडच्या घरात एका सकाळी उंबऱ्याशी लिंबू, अंडं आणि गुलाल सापडला होता. त्याच आठवड्यात त्यांची गाभण म्हैस दगावली. ही करणी आहे, असं गावात सगळे म्हणाले, ते त्या विसरल्या नव्हत्या. ते कुणी ठेवलं हे कधीच कळलं नाही. शेजारच्या घरानं ठेवलं असणार, असंच त्या धरून चालल्या.

दुपारी त्या शिवलीलाच्या दारात उभ्या राहिल्या. शिवलीला चड्डीला इलॅस्टिक लावत होती.

"शिवलीला, वर कुणी माठ ठिवलाय गं?"

"कसला माठ, अक्का?"

"लाल फडक्याचा."

शिवलीलानं वर बघितलं नाही. मशीनचं पायडलही थांबलं नाही, हे बजाबाईंनी टिपून ठेवलं. "असंल कुणाचा तरी."

"कुणाचा? जिना दोनच घरांचा हाय."

"मग दोघींतल्या एकीचा असंल की," शिवलीला म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

पुढे बजाबाई मला म्हणाल्या, ती उघड हसली असती तरी मी खरं मानलं असतं, पण ती हसू दाबत होती.

रात्री जेवताना त्यांनी रावजींना हळूच सांगितलं. आरोही आत होती.

"अंडं हाय त्यात."

"त्यांच्यात कुटं अंडं चालतंय?" रावजी म्हणाले.

"तेच म्हणते मी. खायाला चालत न्हाय, मग आणलं कशाला?"

रावजींनी आमटी ओतून घेतली. खरं तर त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं, पण बजाबाईंनी ते बोट धरून उलट्या दिशेला वळवलं. आणि मुद्दा म्हणून तो तोडायला अवघड होता.

दुसऱ्या दिवसापासून आरोहीला गच्ची बंद झाली. "ऊन हाय," एवढंच कारण. गच्चीच्या दाराला बजाबाईंनी कडी घातली. दोन्ही घरांत वाटीभर भाजी जायची-यायची, ती थांबली. शिवलीलानं पाठवलेलं शेंगापोळीचं ताट त्यांनी घेतलं, नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून, आणि नंतर ते गाईला घातलं. रोज गुपचूप जिन्यानं वर जाऊन त्या माठ बघून यायच्या. माठ कधी कोमट, कधी गार. एकदा फडक्याची गाठ वेगळी दिसली. म्हणजे कुणीतरी उघडत होतं. बजाबाई अंघोळीला गेल्या की शिवलीलाच्या घराचं दार वाजतं, असंही त्यांच्या लक्षात आलं. वाजणारं दार कुणाचं हे न्हाणीघरातून कळायला मार्ग नव्हता, पण त्यांनी ते ठरवून टाकलं.

मग पाण्याचा दिवस आला.

आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस ठरलेला असतो, वेळ नाही. पहाटे येतं, कधी त्याही आधी. नळातून हवा फुसफुसल्याचा आवाज ज्याच्या कानावर पडेल त्यानं शेजारच्या दारावर थाप मारायची, हा रिवाज आहे. त्यासाठी भांडणंसुद्धा बाजूला ठेवतात. पोलीस ठाण्यापर्यंत गेलेली दोन घरं मला माहीत आहेत, जी पाण्याच्या पहाटे एकमेकांचं दार वाजवतात आणि एक शब्द न बोलता परत फिरतात.

त्या पहाटे फुसफुस बजाबाईंनी ऐकली. त्यांनी आपली टाकी भरली, पिंप भरलं, नवा माठ भरला, घागरी भरल्या. शिवलीलाचं दार त्यांच्या दारापासून हाताच्या अंतरावर आहे. त्यांनी ते वाजवलं नाही.

सकाळी महेश्वर नळाखाली कोरडी बादली घेऊन उभा दिसला. पाणी गेलं होतं. पुढची खेप येईपर्यंत त्या घरानं जार विकत आणले आणि कपडे तसेच ठेवले. शिवलीला येऊन काही म्हणाली नाही. बजाबाई दिवसभर तिच्या बोलण्याची वाट बघत होत्या. भांडली असती तर कळलं असतं. ती गप्प बसली, त्यामुळे संशय आणखी घट्ट झाला.

पाडव्याच्या आधी कुरडया व्हायलाच हव्यात, कारण पाडव्यानंतर पाहुणे आणि मग ऊन अंगावर येतं. बजाबाईंनी गहू भिजवला. चीकही काढला. घोटायला रावजींना धरलं.

"जोरात घोटा. गुठळ्या होतायत."

"इंजिनचं ऑइल परवडलं," रावजी म्हणाले. "ही काय वस्तू हाय का?"

"पातेलं धरा."

"धरू का घोटू?"

"दोनी."

"मग तू काय करणार?"

"मी सोऱ्या भरते. अवो, करपतंय खाली."

चीक तळाला लागला, वर गुठळ्या झाल्या. तो सोऱ्यात भरून रावजींनी दाबला तर दांडा वाकला. शेवटी त्या ढेकळांची खीर करून तीन दिवस खावी लागली. पलीकडून शिवलीलाच्या मशीनचा आवाज येत होता. तो मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. ती ऐकतीय, बजाबाई म्हणाल्या. ऐकून खूश होतीय.

खीर खातानाच त्यांनी ठरवलं. "गच्चीवर मधी भिंत घाला."

रावजी म्हणाले, "कशाला?"

"राहिलीय म्हणून."

रावजींनी दोन दिवस टाळाटाळ केली. अभिमन्यूनं कामाचं कारण काढलं. बजाबाईंनी स्वतः फोन करून नागप्पा गवंड्याला बोलावलं. अमावास्येच्या आदल्या दिवशी नागप्पा दोरी आणि चुना घेऊन वर आला. त्यानं जिन्याच्या दारापासून कठड्यापर्यंत दोरी ताणली आणि तिच्या कडेनं चुन्याची रेघ मारायला घेतली. दोरी बरोबर टाकीच्या मागून गेली.

आवाज ऐकून शिवलीला वर आली. तिच्या गळ्यात मोजायची टेप तशीच होती.

"भिंत घालताय, अक्का?"

"व्हय. ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्याकडं ऱ्हाईल."

शिवलीलानं दोरीकडे बघितलं. "मग आमचं वाळवण या बाजूला यायचं. हितं दुपारनंतर सावली पडती."

"पडू दे."

नागप्पा टाकीजवळ थांबला होता. "मावशी, हे मडकं लाइनीत येतंय. कुणाचं हाय ते उचला."

कुणी हललं नाही. नागप्पानं फडकं बघितलं, सुतळी बघितली, फडक्यावर चिकटलेली लिंबाची साल बघितली आणि एक पाऊल मागे सरला. "मी न्हाय बाबा हात लावत. मला लेकरंबाळं हायत."

"मलाबी हायत," बजाबाई म्हणाल्या. त्या शिवलीलाकडे वळल्या. इतके दिवस न बोललेलं आता बोलल्या, आणि ओरडून नाही, अगदी सावकाश. "माठ तुझा हाय. फडकं तुझं हाय. माझी सून पोटुशी हाय हे तुला सगळ्यांच्या आधी कळलं. तिची वांती झाली तेव्हा मळमळीला आवळा तूच दिलास. आणि हे बी तूच ठिवलंस. उचल आता. माझ्यादेखत उचल."

शिवलीलाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "माठ माझाच हाय, अक्का," आणि वाकली.

तेवढ्यात जिन्याच्या दारातून आरोही आली. तिनं शिवलीलाच्या हाताआधी हात घालून माठ उचलला आणि पोटाशी धरला.

ज्या गोष्टीपासून बजाबाई तिला पंधरवडाभर कडी घालून लांब ठेवत होत्या, ती तिनं पोटाला लावून धरली होती. बोलली ती शिवलीला. "अगं खाली ठेव, वजन हाय त्याला."

आरोहीनं माठ खाली ठेवला. "माझा आहे, आई. खत करतेय मी."

"कसलं?"

"ओल्या कचऱ्याचं. भाजीची सालं, उरलेला भात. दही घातलं की लवकर कुजतं. वास येऊ नये म्हणून राख आणि कडुलिंब."

"आणि अंडं?"

"तुम्हीच देता की रोज उकडून. दोन. मी खाल्लं की नाही ते बघत उभ्या राहता, टरफलं कुठं गेली ते बघत नाही."

नागप्पा हसला आणि मग कुणीच हसत नाही हे बघून खाकरला.

"गरम का लागतंय ते?" बजाबाईंनी विचारलं. त्यांना अजून एक धागा हवा होता.

आरोहीनं सांगितलं, कुजताना उष्णता निघते, ओल्या गवताची गंज आतून तापते तशी. गंज तापते हे बजाबाईंना गावाकडून माहीत होतं. त्या टाकीच्या कट्ट्यावर बसल्या.

मग बाकीचं निघालं. आरोहीनं आधी स्वयंपाकघरात ओट्याखाली डबा ठेवला होता. बजाबाईंनी तो पहिल्याच दिवशी फेकला होता. पोटुशी बाईनं नासकं जवळ ठेवू नये म्हणून. तेव्हा आरोहीनं शिवलीलाकडे जुना माठ मागितला. भोकं महेश्वरनं ड्रिलनं पाडून दिली. फडकं मशीनखालचं. आणि आरोहीनं शिवलीलाला शपथ घातली, आईंना कळू देऊ नका. त्यांना एकदम खतच दाखवते, म्हणजे त्या मानतील. गच्चीला कडी लागल्यावर ती बजाबाई अंघोळीला गेल्या की वर जाऊन काडीनं ढवळून यायची. वाजणारं दार घरातलंच होतं.

"मग भिंत घालायची का न्हाय?" नागप्पानं विचारलं.

खालून रावजींचा आवाज आला. "चहा घे आधी."

दोरी तशीच ताणलेली होती. ती शिवलीलानं सोडली, गुंडाळली आणि नागप्पाच्या हातात दिली. मग ती खाली गेली आणि मशीन सुरू झालं.

बजाबाईंनी माफी मागितली नाही. म्हणजे शब्दांत नाही. पुढच्या पाण्याच्या पहाटे नळ नुसता कुरकुरला, पाणी यायला अजून वेळ होता, तेव्हाच त्यांनी शिवलीलाच्या दारावर थापा मारायला सुरुवात केली. महेश्वर डोळे चोळत बाहेर आला तर त्या त्याच्या बादल्या नळाखाली रांगेत लावत होत्या. पाडवा गेला. कडुलिंबाची चटणी दोन्ही घरांत वाटली गेली. माठातलं खत आरोहीनं लिंबाच्या आळ्यात घातलं. बजाबाईंनी आधी मूठभर हातात घेऊन वास घेतला. मातीचा वास आला. तरी त्यांनी पहिल्यांदा एका बाजूच्याच मुळांना घालायला लावलं आणि आठ दिवस दुसऱ्या बाजूशी ताडून बघितलं.

मग त्यांनी पुन्हा गहू भिजवला. कुणाला बोलावलं नाही. चीक शिजवायच्या सकाळी शिवलीला आपला पितळी सोऱ्या घेऊन गच्चीवर हजर. न सांगता तिनं पातेलं धरलं. धोतर अंथरलं होतं, ऊन कोवळं होतं. निम्म्या कुरडया होईपर्यंत दोघी फक्त "भर", "दाब", "पुरे" एवढंच बोलत होत्या.

शेवटी बजाबाईंनी विचारलं. "गप का बसलीस गं?"

"शपथ होती की."

"शपथ माठाची होती. पाण्याची न्हवती. मी दार वाजवलं न्हाय, तू येऊन भांडायची. ताट गाईला घातलं ते बी तू बघितलंस, खिडकीतनं."

"बघितलं."

"मग?"

शिवलीला हसली. या वेळी दाबून नाही. कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणलीस?"

"काय न्हाय, अक्का. चीक गार होईल. भरा."

भिंत झालेली नाही. नागप्पानं मारलेली चुन्याची रेघ पायांनी पुसून गेली. दोन्ही घरांचा ओला कचरा आता तीन माठांत जातो, आणि त्यांची झाकणं बजाबाई रोज स्वतः उघडून बघतात. बाहेरून बघणाऱ्याला सगळं पहिल्यासारखं वाटेल. पण बजाबाई ते प्रकरण सोडायला तयार नाहीत. शिवलीलानं दिलेली भाजी त्या आता खातात आणि खाताना थांबतात. रावजींना विचारून झालं, आरोहीला विचारून झालं. मी गल्लीत भेटलो की मलाही विचारतात, कारण मी शिकलेला आहे आणि मला माहीत असणार असं त्यांना वाटतं.

"तू सांग. ती बाई शपथेपायी गप बसली, का माझी कीव आली म्हणून गप बसली, का मी अजून किती खाली जाते ते बघत बसली हुती?"